भैरोजीच्या घोड्यानं नाचू नये

मागील भागात

भैरोजी घाट उतरून खाली आला होता. पुढं नदीला पूर, मागं गनीम, आणि भैरोजीला अजून धड मिसरूडही फुटलेलं नाही. त्यानं वाकून घोड्याच्या कानात काहीतरी सांगितलं. घोड्यानं पुरात उडी घेतली. भाग तिथंच संपला.

"किती गुणाचं लेकरू," मंगळवार पेठेतल्या आपल्या घरात टीव्हीसमोर बसलेली सलमा म्हणाली.

ती भैरोजीबद्दल बोलत नव्हती. घोड्याबद्दल बोलत होती. टीव्हीवर ज्याला सगळे तुफान म्हणत होते तो त्या घटकेला भिंतीपलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहून भिजवलेले चणे खात होता. आणि त्याचं नाव गुलाल होतं.

घोडा पांढरा आणि नाव गुलाल. शिंगरू असताना सलमाच्या नवऱ्यानं, बाबालालनं, त्याला पहिल्यांदा मिरवणुकीत नेलं तेव्हा लोकांनी त्याच्यावर इतका गुलाल उधळला, की कितीही धुतलं तरी आयाळ गुलाबीच. नाव तिथंच पडलं ते पडलं.

बाबालालचा बाप टांगा हाकायचा. टांगे गेले, वराती राहिल्या. आणि वरातीचं घोडं नुसतं चालून भागत नाही. कोल्हापुरात नवरा घोड्यावर बसला की हलगी कडाडते, घुमकं घुमतं, आणि घोड्याला नाचावंच लागतं. आधी उजवा पाय. मग डावा. मग मान वाकवून सलामी. मग मागच्या पायांवर उभं राहणं, नवऱ्याच्या आईचा जीव घशात येईपर्यंत.

बाबालालनं हे काठीनं शिकवलं नव्हतं. केरबा हलगीवाला त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याला शेडमध्ये बसवायचं, वाजवायला लावायचं, आणि आपण स्वतः शिंगरासमोर नाचायचं. बाबालाल उजवा पाय उचलायचा. शिंगरू बघायचं. बाबालाल डावा उचलायचा. शिंगरू बघायचं. सलमा दारात उभी राहून हसायची, हसता हसता डोळ्याला पदर लावायची.

"घोडं शिकंल तवा शिकंल," ती म्हणायची, "तुमी मातर आता कुठल्याबी वरातीत चालशीला."

मग एका सकाळी केरबानं वरातीचा ठेका धरला आणि शिंगरानं उजवा पाय उचलला. बाबालालनं गल्लीत पेढे वाटले.

ब्रेक

(ब्रेकमध्ये डिटर्जंटची जाहिरात. पांढऱ्याहून पांढरं. सलमा म्हणते, ही पावडर गुलालच्या आयाळीला लावून बघायला पाहिजे.)

ब्रेकनंतर

मालिकेचं नाव 'तरणा भैरोजी'. भैरोजीच्या उतारवयातल्या लढाया घाटमाथ्यावरच्या पोराटोरांनाही पाठ आहेत. तरणेपणाबद्दल कुणालाच काही ठाऊक नाही, म्हणून तो मालिकावाल्यांना सोयीचा. पुरात उडी, कड्यावरून उडी, गनिमाच्या गोटातून दाढीवाला फकीर बनून पसार होणं, सगळं बसवता येतं.

भैरोजीचं काम करणारा पोरगा इथलाच. संघर्ष त्याचं नाव. कॉलेजच्या नाटकातून निवडला गेला तेव्हा त्याला सायकल आणि बुलेट सोडून कशावरच बसता येत नव्हतं. घोड्यावर बसायला बाबालालनं शिकवलं. पडला, उठला, पुन्हा पडला, आणि बाबालालला चाचा म्हणायला लागला.

पन्हाळ्याच्या बाजूच्या पठारावर शूटिंग चालायचं. बाबालालला तिथली एक गोष्ट फार चमत्कारिक वाटायची. लढाया मुक्या असायच्या. शेकडो माणसं तलवारी घेऊन पळायची, पण नगारा नाही, शिंग नाही. वाजपाचं सगळं मागाहून मुंबईत घालतात म्हणे. गुलाल त्या मुक्या लढायांतून सरळ बाणासारखा धावायचा. त्याला तिथं नाचायचं काही कारणच नव्हतं.

मग भैरोजीच्या पहिल्या मोठ्या लढाईचा दिवस आला आणि डायरेक्टर म्हणाला, या सीनला माणसांच्या अंगात यायला पाहिजे. खरी हलगी बोलवा.

बोलावणं गेलं ते केरबाला.

बाबालालनं तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण केरबा गाडीतून उतरला, त्यानं गुलालच्या मानेवर थाप मारली, गुलालनं त्याचा खिसा हुंगला, आणि दोघं मित्र चहाच्या गाडीपाशी बोलत उभे राहिले. सुट्टी लागल्यासारखे. बाबालालच्या डोक्यात काही आलंच नाही.

केरबानं सुरुवात बरोबर केली होती. लढाईचा ठेका, कडक, सरळ. मावळे उसळले. गनीम टेकाडावरून खाली सुटला. आणि मग संघर्ष गुलालला घेऊन केरबाच्या समोरून पुढं आला. डोक्याला फेटा, फेट्याला तुरा, हातात तलवार.

गुलाल खाली आणि फेटेवाला तरणा पोरगा वर. हे बघितल्यावर काय वाजवायचं हे केरबाला उभ्या हयातीत कधी विचारावं लागलं नव्हतं. त्याच्या डोक्याला कळायच्या आत बोटं वळली. वरातीचा ठेका पडला.

गुलालनं उजवा पाय उचलला.

"हाणाऽऽ!" संघर्ष ओरडला.

गुलालनं डावा पाय उचलला.

समोरून गनीम आला. गुलालनं मान वाकवून त्याला सलामी दिली. मग मागच्या पायांवर उभा राहिला. संघर्ष तलवार टाकून त्याच्या मानेला मिठी मारून बसला. डायरेक्टर 'कट, कट' ओरडत होता, पण हलगीपुढं कुणाला ऐकू येणार? आणि केरबानं तर डोळे मिटलेले होते.

कॅमेऱ्याच्या मागं बाबालाल उभा होता. तोंडावर हात. मेलो आपण, असं त्याला वाटलं. पण त्याच्याही आधी, एक क्षणभर, त्याला वाटलं होतं, काय नाचतंय लगा माझं घोडं. हे त्यानं नंतर कुणालाच सांगितलं नाही.

गनिमाच्या फौजेतल्या कुणीतरी ते सगळं मोबाईलवर घेतलं.

व्हायरल

सकाळी संघर्षनं येऊन व्हिडिओ दाखवला. खाली लिहिलेलं, 'भैरोजी निघाला सासरवाडीला. नाद खुळा.' बाबालाल हसला. सलमा हसली. संघर्षही हसला, पण त्यानं खाली आलेल्या चिडलेल्या कॉमेंटही वाचल्या होत्या.

दुपारपर्यंत गाव हसत होतं. संध्याकाळी कुणीच हसत नव्हतं. भैरोजीची टिंगल केली म्हणून मालिकावाल्यांनी हात जोडून माफी मागितली. आणि दुसऱ्या दिवशी बाबालालच्या शेडसमोर मोटारसायकली येऊन थांबल्या.

बाबालालनं सलमाला आत जायला सांगितलं. ती गेली नाही.

पुढं होता बाळासो. शिवाजी पेठेतला, भैरोजी मंडळाचा अध्यक्ष. त्याच्या हातात काठी नव्हती. हार होता आणि नारळ होता. त्यानं बाहेर चपला काढल्या, शेडमध्ये शिरला, गुलालच्या गळ्यात हार घातला आणि त्याच्या खुरांना हात लावून तो कपाळाला लावला.

गुलालनं हार खायला सुरुवात केली.

"बाबालाल, तुज्यावर कुनाचा राग न्हाय," बाळासो म्हणाला. "पयलं ह्ये डोस्क्यात घे."

"व्हय, बाळासो."

"तुजी चूक न्हाय. केरबाचीबी न्हाय. केरबा येडं हाय, त्येला कोन काय बोलनार? पन एक हाय. ह्ये घोडं आता साधं घोडं न्हाय ऱ्हायलं. ह्ये भैरोजीचं घोडं. बारकी पोरं फोटो काढून घरात लावाय लागल्यात."

"त्येचं नाव गुलाल हाय."

"घरात असंल की. लोकांत तुफान हाय." बाळासोनं बाबालालच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता, पण मायेचा होता. "आता ह्येनं वरातीत नाचायचं न्हाय. भैरोजीचं घोडं कुनाबी सोम्यागोम्याच्या खाली नाचतंय, ह्ये बरं दिसतंय व्हय?"

"मग त्येनं करायचं काय?"

"काय म्हंजे? मालिका हाय की!"

मागं उभी असलेली पोरं एकदम म्हणाली, भैरोजी महाराज की जय. पत्रा घुमला. गुलालनं कान टवकारले, कुठं ठेका पडतोय का बघायला.

ते गेल्यावर सलमा म्हणाली, "मारायला आलं असतं तर पोलिसात गेलो असतो. पाया पडून गेल्यात. आता कुठं जायाचं?"

त्यानंतर वरातींची बोलणी एकेक करून मोडत गेली. कुणी भांडलं नाही. सगळे आदरानंच बोलले. एक नवरदेव तर फोनवर कान पकडल्यासारख्या आवाजात म्हणाला, भैरोजीच्या घोड्यावर मी कसा बसू, चाचा? माझी आज्जी रोज त्याच्या फोटोला उदबत्ती लावते.

राहता राहिली मालिका. डायरेक्टरनं बाबालालला व्हॅनमध्ये बोलावून खुर्ची दिली, चहा दिला. पुढची लढाई पुन्हा हलगीवरच घ्यायची होती. नाही घेतली तर आपण घाबरलो असं दिसतं, आणि घेतली तर मंडळाची माणसं सेटवर बसून बघणार. घोडं परत नाचलं तर दुसरं आणावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका, त्यानं समजावलं. घोडं खूप सुंदर आहे. फक्त त्याला तेवढं विसरायला लावा.

बाबालाल मान हलवून बाहेर आला. शिकवायचं कसं हे त्याला माहीत होतं. विसरायला कसं लावायचं?

तेही माहीत होतं. तेच तर वाईट होतं.

बापाच्या वेळचं लगामाचं काटेरी कडियाळं शेडच्या खुंटीला लटकत होतं. टांग्याची अडेल घोडी वळवायला बाप ते तिच्या तोंडात घालायचा. बाबालालनं ते कधी वापरलं नव्हतं. टाकूनही दिलं नव्हतं.

दृश्य : शेड. सकाळ. पात्रं : बाबालाल, केरबा, घोडा.

केरबा : मी न्हाय वाजवनार.

बाबालाल : वाजीव.

केरबा : तुज्या पाया पडतो, लगा. दुसरं काय बी सांग.

बाबालाल : मग दुसरा हलगीवाला बघतो.

(केरबा हलगी शेकत बसतो. शेकोटीतला धूर पत्र्याला लागतो. घोडा हलगी बघून खूश आहे. जमिनीवर खूर आपटतो.)

केरबा : दुसरा कशाला? मीच करतो पाप.

(तो भिंतीकडं तोंड करून बसतो. ठेका.)

(घोडा उजवा पाय उचलतो.)

(बाबालाल लगाम हिसडतो. घोड्याच्या तोंडातल्या कडियाळ्याची साखळी वाजते.)

(ठेका. उजवा पाय. हिसडा.)

(ठेका. उजवा पाय, अर्धाच. हिसडा.)

(घोडा बाबालालकडं बघतो. आपलं काय चुकलं ते त्याला कळत नाही. पाय चुकला असेल म्हणून तो डावा उचलून बघतो.)

इथं सलमा आली आणि तिनं दार ओढून घेतलं. पण ती बाहेरच उभी राहिली. हलगीचा आवाज येत होता, आणि मधेमधे साखळीचा. असं रोज झालं. केरबा रोज यायचा, भिंतीकडं तोंड करायचा, वाजवायचा आणि चहा न पिता जायचा. बाबालाल रोज संध्याकाळी गुलालच्या ओठांच्या कडांना तूप लावायचा. गुलाल लावून घ्यायचा. हे त्यातलं सगळ्यात अवघड होतं, की तो लावून घ्यायचा.

मग एका सकाळी ठेका पडला आणि गुलाल हलला नाही.

केरबा तसाच थोडा वेळ वाजवत राहिला. मग त्यानं मागं वळून बघितलं. बाबालालनं लगाम सोडून दिला होता आणि तो घोड्याच्या पोटाला डोकं टेकून उभा होता.

त्या दिवशी पेढे नव्हते.

सूचना

मालिका लागायच्या आधी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात. बाबालालचं वाचन सावकाश, ती त्याला कधीच पुरी वाचता यायची नाहीत. त्या लढाईचा भाग लागला त्या संध्याकाळी त्यानं सलमाला विचारलं, "काय लिव्हलंय गं?"

सलमानं वाचलं, "या मालिकेच्या चित्रीकरणादरम्यान कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही."

"बरोबर हाय," बाबालाल म्हणाला. "चित्रीकरणात न्हाय झाली."

भाग जोरदार झाला. हलगी कडाडली, गनीम सुटला, आणि तुफान दगडासारखा ताठ, सरळ, भैरोजीला घेऊन फौजेत घुसला. मंडळानं साखर वाटली. बाळासोनं फोन करून, भरून आलेल्या आवाजात, बाबालालला शाबासकी दिली. फक्त संघर्ष दुसऱ्या दिवशी आला आणि शेडच्या उंबऱ्यावर बसला.

"चाचा, एक सांगू? बाहेरनं बघून काही कळत नाही. पण मी बसलेलो ना त्याच्यावर. हलगी वाजली की ते आतनं थरथरतंय. मांडीला कळतं."

"मला हाताला कळतंय," बाबालाल म्हणाला.

काही वर्षांनंतर

ही अक्षरं एका सोमवारी पडद्यावर आली. शनिवारी भैरोजी आईच्या पाया पडायला वाकला होता. सोमवारी उठून उभा राहिला तेव्हा त्याला दाढी होती, छाती रुंद होती आणि आवाज दुसऱ्याच माणसाचा होता. मालिकेच्या भाषेत याला लीप म्हणतात. तरणेपण संपलं होतं. शूटिंग मुंबईच्या स्टुडिओत गेलं. तिथं तिथला घोडा होता. पांढराच.

पडद्यावर वर्षं उलटली. मंगळवार पेठेत एक रविवार गेला.

संघर्षला चौकात लोक आता विचारायचे, तू त्यो न्हवं काय? तो मान डोलवायचा. मग ते म्हणायचे, त्यो नवीन बरा हाय रं, रांगडा हाय. तो त्यालाही मान डोलवायचा. पुन्हा कॉलेजात जाऊ लागला, पण जाता येता शेडपाशी थांबायचा. गुलालला खरारा करायचा. दोघांनाही दुसरं काही काम नव्हतं.

सलमा म्हणाली, "आता तर मालिकाबी न्हाय. आता वरात घ्या की."

"बाळासो काय म्हनंल?"

बाळासोच आला. या वेळी हार नव्हता, पत्रिका होती. त्याच्या पोराचं, अमरसिंहचं लग्न ठरलं होतं.

"बाबालाल, वरातीला गुलाल पायजे."

'गुलाल' म्हणाला तो. तुफान नाही. बाबालालनं ते ऐकलं.

"पन तुमीच म्हनला हुता, बाळासो. भैरोजीचं घोडं..."

"ते तवा! आता भैरोजीचं घोडं म्हुंबैला हाय की. ह्ये आता मोकळं." तो दिलखुलास हसला. "आन अशी वरात काढायची, की त्यो व्हिडिओ फिका पडला पायजे. समद्या पेठंला सांगून बसलोय. पोराच्या सासरचीबी त्यो व्हिडिओ बगूनच हरकल्यात."

बाबालालला सांगायचं होतं. शब्द जुळवेपर्यंत बाळासोनं त्याच्या हातात पत्रिका ठेवली, गुलालच्या पाठीवर थाप मारली आणि मोटारसायकलला किक मारली. त्या थापेनं गुलाल दचकला. ते फक्त सलमानं बघितलं.

अंतिम भाग

शिवाजी पेठेत तालमीपासून वरात निघाली. उन्हं कलली होती. गच्च्यांवर बाया, कट्ट्यांवर म्हातारी, रस्त्यावर उरलेलं सगळं गाव. सलमानं गुलालला नवी झूल शिवली होती, आरशांची. तोंडात साधा लगाम, तोही सैल. बाबालालनं सकाळी काटेरी कडियाळं नेऊन भंगारवाल्याला दिलं होतं. गुलालला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

केरबानं हलगी उचलली. बाबालालकडं बघितलं. बाबालालनं मान हलवली. वरातीचा ठेका पडला.

गुलालनं कान मागं पाडले. मान खाली गेली. आणि तो उभा राहिला.

केरबानं ठेका चढवला. घुमकं घुमलं. गुलाल उभा.

"अवो पावणं, घोडं झोपलंय काय?" गच्चीवरून कुणीतरी ओरडलं.

"चार्जिंग संपलं असंल!"

"टीव्हीवर लई नाचत हुतं की रं! का मोठं झाल्यावर भाव खायला लागलं?"

सगळे हसले. वरून अमरसिंहनं विचारलं, काय झालं काका? त्याचा फेटा जड होता, त्याला घाम फुटला होता. बाळासो गर्दीतून वाट काढत आला. हसरा चेहरा तसाच ठेवून हळू आवाजात म्हणाला, "बाबालाल, समदी बगाय लागल्यात."

"विसरलंय त्ये, बाळासो."

"विसरतंय व्हय कुठं? नाचनं काय विसरायची गोष्ट हाय?"

"मीच विसरायला लावलं. तुमी म्हनला म्हून."

बाळासोचा चेहरा एकदम रिकामा झाला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं घोड्याकडं बघितलं, पोराकडं बघितलं, व्याह्यांकडं बघितलं. मग त्याला सुचलं ते तो बोलला. "बरं, मी सांगतो की आता. माजी परवानगी हाय. सांग त्येला."

बाबालालनं गुलालचं तोंड जवळ घेतलं. वाकून त्याच्या कानात, भैरोजीनं पुराच्या काठावर सांगितलं होतं तसं, सांगितलं, "परवानगी हाय. नाच, बाळा."

ठेका पडला. गुलालच्या खांद्याची कातडी थरथरली, पाण्यावर वारा सुटावा तशी. पाय जागचा हलला नाही. पुढच्या ठेक्याला तर त्यानं डोळेच मिटून घेतले. हिसडा यायची वाट बघत.

संघर्ष गर्दीत होता. बाबालालनं त्याला हात केला. दोरी त्याच्या हातात दिली. डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली. मग घोड्याच्या पुढं जाऊन, त्याला समोरून दिसेल असा, उभा राहिला.

उजवा पाय उचलला.

गर्दीनं जोराची शिट्टी मारली. "आरारारा! चाचा!" मोबाईल वर झाले.

डावा पाय. गुडघा कळवळला. उजवा. डावा. मान वाकवून सलामी. समोर घोडा होता, म्हणून सलामी घोड्याला गेली. गच्चीवरच्या बाया तोंडावर हात ठेवून हसत होत्या. खाली सलमा उभी होती. तिनं डोळ्याला पदर लावला होता.

गुलालनं डोळे उघडले. तो बघत होता.

केरबाचा हात थांबला. हलगी गप्प झाली आणि रस्त्यावर नुसते पाय उरले, एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाचे, ठेक्याशिवाय पडणारे.

"थांबू नगं," बाबालाल म्हणाला. त्याला दम लागला होता. "वाजीव, केरबा. वाजीव की लगा."

केरबानं वाजवलं. या वेळी त्याला तोंड फिरवायला भिंत नव्हती.

उजवा पाय.

घोडा बघत होता.

डावा.